फोटोतला हात

वैष्णवी सकाळपासून मुलांचे फोटो तपासत होती आणि तपासता तपासता तिच्या भावाच्या डाव्या हाताला पाच बोटं निघाली.

माऊलीच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सोयाबीनच्या मळणी यंत्रात गेलेलं. फोटोत मात्र निळा कोट घातलेला माऊली दोन्ही हात पोटाशी एकमेकांवर ठेवून उभा होता आणि डाव्या हाताची पाचही बोटं उजव्या मनगटावर नीट टेकलेली होती. वैष्णवीनं फोटो मोठा केला. करंगळीला नखसुद्धा होतं.

तिनं खुर्ची मागं सरकवली आणि दुकानाबाहेर पाहिलं. जवळा बाजार गावात आठवडी बाजार भरत होता. तिच्या नवऱ्याचं, हरीशचं, सेवा केंद्राचं दुकान रस्त्यालाच होतं आणि त्याच दुकानातल्या संगणकावरून ती ‘सोयरीक’ सांभाळत होती. ‘सोयरीक’ म्हणजे जिल्ह्यातल्या शेतकरी घरांच्या वधू-वर मंडळाची वेबसाईट. गावोगावचे लोक मुला-मुलींची माहिती नि फोटो पाठवायचे, वैष्णवी ते पाहायची आणि तिनं बटण दाबलं की ते सगळ्यांना दिसायचे. हा फोटोही तिनंच लावला होता. घरचाच आहे म्हणून तेव्हा उघडूनही पाहिला नव्हता.

तिनं माहेरी, कुरुंद्याला, आईला फोन लावला.

“आई, माऊलीचा फोटो कुठं काढला?”

“वसमतला,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “काहून?”

“त्याची बोटं कशी आली त्यात?”

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“स्टुडिओवाला म्हणला, एआयमधी होऊन जातं. कोट बी त्यानंच घातला, माऊलीनं तर सदराच घातला होता. सगळेच करून राहिले, वैष्णे. एकट्या आपल्या पोरानं काय घोडं मारलं?”

“मुलीकडचे प्रमोदराव पाहायला आले म्हणजे? तेव्हा काय करणार होतीस?”

“मांडीवर उपरणं घेऊन बसंल. एकदा पोरगा डोळ्यासमोर आला, बोलला-चालला, की हाताकडं कोण पाहतंय? फोटो पाहूनच लोकं परत जातात, तू पाहिलंस ना? दारापर्यंत बी येत न्हाईत. हे एक स्थळ दारात आलंय. तू गप ऱ्हाय. तुला हात जोडते.”

वैष्णवीनं फोन ठेवला. गप राहणं सोपं होतं. फोटो आत्ता काढून टाकला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण थोड्या वेळानं मंडळाची बैठक होती आणि बैठकीला विषय एकच होता, साइटवरचे एआयनं बनवलेले फोटो आणि मजकूर. त्यावर नियम करायचे होते. नियमांचा कच्चा मसुदा वैष्णवीनं लिहिला होता. आणि बैठक ज्यांच्या तक्रारीवरून बोलावली ते गृहस्थ पुसेगावचे प्रमोदराव होते. त्यांच्याच मुलीसाठी, संगितासाठी, माऊलीचं बोलणं चालू होतं.

प्रमोदरावांच्या तक्रारीला कारण होतं. त्यांच्या भावाची मुलगी पूनम हिला ‘सोयरीक’वर एक स्थळ आलं. फोटोत मुलगा दाट केसांचा, मागे नवा बंगला, दारात ट्रॅक्टर. पाहायचा कार्यक्रम ठरला, पुसेगावात भावकी जमली. गाडीतून उतरला तो माणूस पूनमच्या वडिलांच्या वयाचा वाटावा असा होता. डोक्यावर केस नव्हते, बंगला नव्हताच. “आमच्या पोरानं फोटो जरा साफ केला,” असं त्यांच्याकडचे लोक हसत म्हणाले. त्या दिवशी अंगणात पोरंसोरंही हसली. पूनमनं तेव्हापासून कुणालाच आपला फोटो काढू दिला नव्हता.

*

मंडळाकडं कार्यालय नव्हतं. बैठका मार्केट यार्डात देविदास आडत्याच्या दुकानामागच्या खोलीत व्हायच्या. दिवाळी होऊन गेली होती, सोयाबीनची आवक जोरात होती, पुढच्या बाजूला काट्यावर कट्टे, भरलेली पोती, चढत-उतरत होती. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, त्यामुळं नियम आजच व्हायला पाहिजेत असं अध्यक्ष दगडोबांनी बजावलं होतं.

वैष्णवी यार्डात शिरली तेव्हा काट्यापाशी माऊली दिसला. तोही आज माल घेऊन आला होता. उजव्या हातानं कट्टा धरून, डाव्या हाताच्या तीन बोटांनी सुतळी सोडत होता.

“ताई, चहा घेती का?” तो ओरडला.

“बैठक आहे.”

“तुमच्या बैठका बघून पोरी पळून चालल्या!” काट्यावरचा हमाल हसला. माऊलीही हसला. वैष्णवीला हसू आलं नाही. ती आत गेली.

खोलीत चौघं होते. सत्तरी ओलांडलेले दगडोबा गादीवर टेकून बसले होते, शेजारी घरमालक देविदास. समोर प्रमोदराव, पांढरा सदरा, मांडीवर मोबाईल पालथा ठेवलेला. कोपऱ्यात मंडळाचे एक गुरुजी, ते सहसा बोलत नसत.

“वाच पोरी,” दगडोबा म्हणाले.

तिनं वाचायला घेतलं. एआयनं तयार केलेला फोटो चालणार नाही. उजेड, रंग, मागचा पडदा बदलला तर चालेल, चेहरा, शरीर, वय, घर, वाहन बदलायचं नाही. मजकूर एआयकडून लिहून घेतला तरी चालेल, पण त्यात लिहिलेलं खरं पाहिजे.

“मजकुराचं मी सांगतो,” दगडोबा मधेच म्हणाले. “काल नातवाकडून वाचून घेतले. सगळे पोरं मनमिळाऊ. सगळे निसर्गप्रेमी. आरं, निसर्गप्रेमी म्हणजे काय? रोज शेतात जातो म्हणा की.”

“जात न्हाई म्हणूनच निसर्गप्रेमी लिहिलंय,” देविदास म्हणाले.

गुरुजीसुद्धा हसले. प्रमोदराव हसले नाहीत. त्यांनी मोबाईल उलटा केला, परत पालथा केला.

“हे सगळं बराबर हाय,” ते म्हणाले. “पण सापडलं तर काय? त्ये लिहिलं न्हाई तुमी.”

“फोटो काढून टाकायचा आणि बदलून मागायचा, असं माझ्या—”

“बस? फोटो बदलला की झालं? आमच्या पूनमनं अंगणात काय सोसलं ते कोण बदलून देतंय? न्हाई. सापडला की साइटवर नाव लावायचं. गावासकट. ह्या घरानं खोटा फोटो दिला म्हणून. एक वर्ष त्या घरचं स्थळ घ्यायचं न्हाई.”

“लई कडक होतंय,” देविदास म्हणाले.

“कडकच पाहिजे.”

दगडोबांनी दाढीवरून हात फिरवला. “मी वैष्णवीला सांगितलं होतं, बैठकीच्या आधी सगळे फोटो तपासून ये. किती घरं आहेत ते कळल्यावर मग दंड ठरवू. काय निघालं गं?”

वैष्णवीच्या हातात मोबाईल होता. पडद्यावर नावं होती. तिनं पहिलं नाव वाचलं, सेनगाव तालुक्यातलं. दुसरं वाचलं. तिसरं वाचलं, ते देविदासांच्या चुलतभावाच्या मुलाचं निघालं आणि देविदास “अरे देवा” म्हणून भिंतीला टेकले.

मग ती थांबली. पुढच्या बाजूला काट्याची साखळी वाजत होती. इथंच संपवता आलं असतं. तीन नावं पुरेशी होती. उद्या गुपचूप फोटो बदलायचा आणि हे तोंडातून काढायचं नाही. तिनं मान वर केली तर प्रमोदराव तिच्याकडंच पाहत होते. नजर शांत होती.

“चौथं,” ती म्हणाली. “माऊली. कुरुंदा. माझा भाऊ. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. फोटोत आहेत. हा फोटो मीच लावला.”

दगडोबा टेकले होते ते सरळ बसले.

“ठावं हाय मला,” प्रमोदराव म्हणाले.

वैष्णवीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“दिवाळीच्या आधीच्या बाजारी मी इथंच आलतो. ह्या यार्डासमोरच्या हॉटेलात बसलो सकाळपासून. सोयरीक जोडायची तर चौकशी करतोच ना माणूस? ज्याला ज्याला विचारलं त्यानं एकच सांगितलं. पोरगं कामाचं हाय, व्यसन न्हाई, दोन बोटं मशिनीत गेली. मी घरी जाऊन संगिताला सांगितलं. ती म्हणली, काम करताना गेली ना अण्णा, मग काय झालं.” त्यांनी मोबाईल उचलला. “मंग आमी फोटो उघडला. अन् फोटोत बोटं! संगिता मला विचारती, अण्णा, बोटं खोटी का तुमची चौकशी खोटी?”

त्यांनी मोबाईल परत मांडीवर पालथा ठेवला.

“बोटं न्हाईत म्हणून मी थांबलो न्हाई, ताई. बोटं आली म्हणून थांबलो. तवापासून तुमच्या घरच्या फोनची वाट पाहून राहिलो. आज खरं आलं, ते बी बैठकीत.” ते किंचित पुढं झुकले. “एक सांगा. हे तुमी मंडळाच्या म्हणून सांगितलं, का बहीण म्हणून?”

“ठाऊक नाही,” वैष्णवी म्हणाली आणि ते खरं होतं.

“मंग नियम घरापासूनच लावू. पयलं नाव हेच लावा.”

“थांबा,” दारातून आवाज आला.

माऊली उभा होता. हातात काट्याची चिठ्ठी होती, देविदासांची सही घ्यायला आला असावा. चिठ्ठी त्यानं कधी चुरगळली ते त्यालाही कळलं नसेल.

“किती वेळ उभा आहेस?” वैष्णवीनं विचारलं.

“चौथ्या नावापासून.” तो आत आला नाही. उंबऱ्यावरूनच बोलला. “फोटो आईनं काढवला. कोट स्टुडिओचा. बोटं बी स्टुडिओची. साइटवर ताईनं लावला. आता काढून बी ताईच राहिली अन् नाव बी लावणार तुमीच. ह्या सगळ्यात माझं काय हाय?” त्यानं डावा हात वर धरला. “हात तेवढा माझा. अन् मला कुणी विचारलं?”

तो वळला आणि निघून गेला.

*

वैष्णवीनं त्याला कट्ट्यांच्या थप्पीमागं गाठलं. तो उभ्यानंच पाणी पीत होता.

“माऊली.”

“सांगायचंच होतं तर आधी मला सांगायचं. मीच गेलो असतो त्यांच्यापुढं. तू माझा हात घेऊन गेलीस बैठकीत, अन् मी बाहेर कट्टे उतरून राहिलो.”

“तू फोटो पाहिला नव्हतास?”

त्यानं पाण्याचा गिलास माठावर ठेवला.

“पाहिला. आईनं दाखवला. मी काढून टाक म्हणलो न्हाई.” तो खाली पाहून बोलत होता. “उघडून उघडून पाहत होतो, ताई. कट्टा उचलताना, गाडी चालवताना विसरून जातो मी, ध्यानात बी येत न्हाई. अन् फोटोत तो हात दिसला की वाटायचं, हे पोरगं कोण हाय. बरा दिसत होता. खोटं कशाला बोलू.”

वैष्णवीनं त्याच्या दंडाला हात लावला. त्यानं तो झटकला नाही, पण जवळही आला नाही.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “तीन लोकांच्या हातून फोटो लागला, आणि ज्याचा होता त्याला कुणी विचारलं नाही. सगळ्यांचंच असं आहे. बापानं पाठवलेले, मामानं पाठवलेले, काकानं. मी कधी कुणा पोराला फोन करून विचारलं नाही की हा तूच का म्हणून.”

“मंग ते लिही की तुझ्या नियमात.”

“चल आत.”

“मी काय करू आत?”

“तुझं नाव चाललंय. बस तिथं.”

तो आला. गादीवर नाही बसला, दाराशी पायरीवर टेकला. वैष्णवी उभीच राहिली. तिचा आवाज जरा वर चढला होता, तो तिनं खाली आणला.

“मला एक नियम वाढवायचाय, आणि तो सगळ्यात आधी टाकायचाय. माहिती कुणीही पाठवो. ज्याचं स्थळ आहे त्याला मी स्वतः फोन करणार. मजकूर वाचून दाखवणार, फोटो त्याच्या मोबाईलवर पाठवणार. तो स्वतःच्या तोंडानं हो म्हणाला, तर लागेल. नाहीतर नाही. बाकीचं एआयचं नंतर.”

“पोरींना बी?” प्रमोदरावांनी विचारलं.

“पोरींनाही.”

“पोरींना काय विचारायचं त्यात? घरचे सांगतात ना.”

“संगितानं तिचा फोटो साइटवर जायच्या आधी पाहिला होता का, प्रमोदराव?”

प्रमोदराव बोलायला गेले, थांबले. “तिच्या मामानं पाठवला,” ते शेवटी म्हणाले. “पाहिला असंल.”

“असंल!” दगडोबा म्हणाले. “चौकशी आख्ख्या बाजारात केली, घरात एकीला विचारायचं राहिलं.”

प्रमोदरावांचा चेहरा लाल झाला. वैष्णवीला वाटलं ते आता उठून जातील, आणि स्थळही त्यांच्यासोबत जाईल. ते उठले नाहीत. मोबाईल मांडीवर आपटल्यासारखा ठेवला.

“बरं. लिहा. पण नाव लावायचं काय? ते मी सोडणार न्हाई. पूनमसाठी तरी सोडणार न्हाई.”

“लावू,” वैष्णवी म्हणाली. “पण आधी त्या माणसाला सांगू. त्याला स्वतःला खरं काय ते लिहायची संधी देऊ. लिहिलं तर त्याचंच लागेल, त्याच्याच शब्दांत. नाही लिहिलं, तर मंडळाच्या शब्दांत लागेल.”

देविदासांनी मान हलवली, मनात चुलतभावाचं घर असावं. गुरुजींनी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि “हे ठीक आहे” एवढंच म्हणून मिटलं. दगडोबांनी हात वर करायला सांगितलं. चार हात वर झाले. प्रमोदरावांचा सगळ्यात शेवटी.

“मंग माझ्यापासून करा,” पायरीवरून माऊली म्हणाला.

“घरी जाऊन सावकाश लिही,” वैष्णवी म्हणाली. “आईशी बोल.”

“आईशी बोललो की झालंच मंग. मोबाईल दे.”

तिनं दिला. त्यानं डाव्या हाताच्या तीन बोटांत मोबाईल धरला आणि उजव्या अंगठ्यानं लिहू लागला. मधे एकदा पुसलं. परत लिहिलं. दगडोबांनी तंबाखूची पिशवी काढली ती तशीच हातात राहिली. लिहून झाल्यावर त्यानं मोबाईल बहिणीला दिला.

तिनं मनात वाचलं. ‘माझ्या फोटोत डाव्या हाताची पाच बोटं दिसत होती, त्यातली दोन एआयनं लावलेली होती. करंगळी आणि शेजारचं बोट मळणी यंत्रात गेलं. कोट माझा नाही. फोटो मी पाहिला होता आणि गप राहिलो. ट्रॅक्टर चालवतो, हळद काढतो, म्हशीची धार काढतो. गाठ मारायला जरा वेळ लागतो. माऊली, कुरुंदा.’

“शेवटचं वाक्य ठेवायचं?” तिनं हळूच विचारलं.

“कोणतं?”

“गाठीचं.”

“खरं हाय ते. ऱ्हाऊ दे.”

“हो म्हणतोस ना? मला तोंडानं पाहिजे.”

“व्हय. लाव.”

तिनं निळ्या कोटातला फोटो काढला. त्या जागी काहीच ठेवलं नाही, फक्त मजकूर. बटण दाबलं.

प्रमोदरावांच्या मोबाईलवर साइट उघडीच होती. त्यांनी खिशातला चष्मा लावून वाचलं. ओठ हलत होते. वाचून झाल्यावर चष्मा काढला, खिशात ठेवला, परत काढला.

“संगिताला वाचून दाखवतो संध्याकाळी,” ते म्हणाले. होकारही नव्हता त्यात, नकारही नव्हता.

“मामा,” माऊली म्हणाला. “तुमी वाचून दाखवू नका. तिच्या मोबाईलवर साइट दिसती ना? तिचं तिला वाचू द्या. काय वाटतंय ते तिला सांगू द्या.”

प्रमोदराव त्याच्याकडं पाहत राहिले. पूनमचं अंगण, संगिताचा प्रश्न, बाजारातली सगळी चौकशी त्या पाहण्यात असावी. मग त्यांनी मोबाईल बंद करून खिशात टाकला.

“बघू,” ते म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

ते दारातून बाहेर पडायच्या आत वैष्णवीचा फोन वाजला. पडद्यावर ‘आई’ असं नाव. कुरुंद्यात कुणीतरी साइट पाहिली होती. फोन वाजून थांबला, लगेच परत वाजला. वैष्णवीचा अंगठा बटणावर गेला नि तिथंच राहिला.

“आण इकडं,” माऊली म्हणाला. त्यानं फोन घेऊन कानाला लावला. पलीकडून आवाज इतका मोठा होता की दगडोबांनाही ऐकू गेला असेल.

“आई, ऐक. ऐक जरा. ताईला बोलू नको. न्हाई, तिनं न्हाई लिहिलं. मी लिहिलं.” तो बोलता बोलता बाहेर काट्याकडं चालू लागला. “व्हय. मीच. रडू नको, मी येऊन राहिलो घरी.”